बेनेलक्स एका रात्रीत झालं नाही

मी अकरावी-बारावीला इतिहास शिकवते. गेले काही आठवडे एक मजकूर पालकांच्या, शिक्षकांच्या, नातेवाइकांच्या ग्रुपवर फिरतोय. परवा तो एका मुलीच्या उत्तरपत्रिकेत जसाच्या तसा उतरलेला दिसला, म्हणून हे लिहायला बसले. मजकूर थोडक्यात असा: "दुसरं महायुद्ध संपलं. बेल्जियम, नेदरलँड्स, लक्झेंबर्ग हे एका रक्ताचे तीन शेजारी शहाणे झाले. अमेरिकेनं मार्शल योजनेचे पैसे देताना अट घातली, तिघांनी एका रात्रीत सीमा पुसल्या, एक चलन आणलं. इच्छा असली की सगळं होतं."

पहिलंच वाक्य घ्या. "युद्ध संपलं." या तिघांच्या जकात संघाच्या, म्हणजे बेनेलक्सच्या, करारावर सह्या झाल्या ५ सप्टेंबर १९४४ रोजी, लंडनमध्ये. युरोपातलं युद्ध संपायला अजून आठ महिने होते आणि तिन्ही सरकारं परागंदा होती. ब्रसेल्स दोनच दिवसांपूर्वी मोकळं झालं होतं, अँटवर्प आदल्या दिवशी. लक्झेंबर्ग तर हिटलरनं १९४२ मध्ये जर्मनीला जोडून टाकलं होतं, ते अजून जर्मनांच्याच हातात. त्याच दिवशी नेदरलँड्समध्ये 'दोस्तांचं सैन्य आलं' अशी अफवा उठली. लोक झेंडे, फुलं घेऊन रस्त्यावर उभे राहिले, नाझींचे स्थानिक साथीदार घाबरून रेल्वेनं पळाले. डच लोक त्या दिवसाला अजून 'वेडा मंगळवार' म्हणतात, कारण सैन्य आलंच नाही. आला तो उपासमारीचा हिवाळा, आणि त्यात सुमारे वीस हजार माणसं गेली. ज्या देशावर आपला ताबाच नाही, त्याच्या जकातीचा करार ही माणसं परक्या शहरात बसून करत होती. मला या इतिहासात सगळ्यात जास्त भिडतं ते हेच, आणि फिरत्या मजकुरात नेमकं तेच गाळलंय.

अमेरिकेच्या अटीचं उत्तर तारखाच देतात. अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री जॉर्ज मार्शल यांनी युद्धानं मोडलेल्या युरोपला पैशाची मदत देण्याची योजना मांडली, ते हार्वर्डचं भाषण ५ जून १९४७ चं. त्या योजनेचा कायदा झाला एप्रिल १९४८ मध्ये. लंडनचा करार या भाषणाच्या पावणेतीन वर्षं आधीचा, आणि त्याची अंमलबजावणी १ जानेवारी १९४८ ची, म्हणजे कायद्याच्याही तीन महिने आधीची. पुढे अमेरिकेनं पश्चिम युरोपनं एकत्र यावं असा जोर लावला, मार्शलचे पैसे तिन्ही देशांना मिळाले, हे खरं आहे. पण जी अट अजून कुणी लिहिलीच नव्हती, ती पाळून १९४४ मध्ये सही कशी होईल?

आता "एका रात्रीत सीमा पुसल्या". सही ते अंमल यांतच तीन वर्षं गेली. बेल्जियम लवकर मोकळा झाला, अँटवर्पचं बंदर जवळजवळ धडधाकट हाती आलं. नेदरलँड्स मात्र लुटलेला, काही भाग पाण्याखाली आणि डॉलरची चणचण. एक भाऊ दुकान उघडून बसलाय आणि दुसऱ्याच्या घराला छप्पर नाही, अशा वेळी वाटणी सोपी नसते. १९४८ मध्ये झालं ते एवढंच: आपापसातली जकात गेली आणि बाहेरून येणाऱ्या मालाला तिघांचा दर एक झाला. अबकारी कर वेगळे राहिले, आयातीच्या कोट्याची बंधनं हळूहळू सुटत गेली.

आणि शेतीमाल तर राहिलाच. डच दूध-लोणी स्वस्त, त्याच्यापुढे आपला शेतकरी टिकणार नाही अशी बेल्जियमला धास्ती, म्हणून शेतीसाठी वेगळा करार करून किमान भावाची भिंत उभी ठेवली. त्या भिंतीचं काय झालं बघा. पन्नास-साठच्या दशकांत डच बाजूनं बेल्जियमकडे लोण्याची तस्करी जोरात चालायची. मोठ्या अमेरिकन गाड्यांना पोलादी पत्रे ठोकून रात्री लोणी पार करायचं, आणि मागे जकातवाले लागले की रस्त्यावर लोखंडी गोखरू फेकायचे. चार टोकांचा खिळा, कसाही पडला तरी एक टोक वरच. पाठलागाच्या गाडीचे टायर फुटायचे, माणसं जखमी व्हायची, मेलीही. सीमा पुसली होती तर हे लोणी कशाला लपवत होते? माणसांची तपासणी अंतर्गत सीमेवरून उठली ती १९६० मध्ये. खरा आर्थिक संघाचा करार ३ फेब्रुवारी १९५८ चा, हेगमधला, आणि तो अमलात आला १ नोव्हेंबर १९६० ला. लंडनपासून सोळा वर्षं.

एक चलन? नाही. ऑक्टोबर १९४३ मध्ये, तेही लंडनमध्येच, गिल्डर आणि बेल्जियन फ्रँक यांचा दर ठरवला: एका गिल्डरला १६.५२ फ्रँक. दर ठरवणं वेगळं, चलन एक करणं वेगळं. डच लोकांच्या खिशात गिल्डर युरोच्या नोटा येईपर्यंत, म्हणजे २००२ पर्यंत होता.

राहिलं "एका रक्ताचे" आणि "इच्छा असली की". बेल्जियम १८३० मध्ये नेदरलँड्सशी लढून वेगळा झाला. पहिल्या महायुद्धानंतर त्यानं डच लिम्बर्गवर आणि शेल्ड नदीच्या दक्षिणेकडच्या डच पट्ट्यावर हक्क सांगितला. लक्झेंबर्गच्या जनतेनं १९१९ च्या मतदानात सुमारे ७३ टक्क्यांनी फ्रान्सशी आर्थिक संघ हवा म्हणून कौल दिला. फ्रान्सनं नको म्हटल्यावर १९२१ मध्ये बेल्जियमशी जुळवून घेतलं. हे प्रेमाचं लग्न नव्हतं.

इच्छा तर १९३२ मध्येही होती. जग जकातीच्या भिंती उंचावत असताना तिघांनी स्वित्झर्लंडमधल्या उशी (Ouchy) या ठिकाणी ठरवलं की आपापसातली जकात दर वर्षी दहा टक्क्यांनी कमी करायची. ब्रिटननं हरकत घेतली: आमच्याशी तुमचे सर्वाधिक अनुकूल राष्ट्राचे करार आहेत, एकमेकांना द्याल ती सवलत आम्हालाही द्या. करार तिथेच मेला. (त्याच वर्षी ब्रिटननं ओटावात स्वतःच्या साम्राज्यापुरते सवलतीचे करार केले, त्यात हिंदुस्थानही होता.) अर्धवट सवलतीवर असा दावा सांगता येतो. पूर्ण जकात संघाला मात्र त्या कलमातून सूट देण्याची रूढी होती. १९४४ चा करार पूर्ण संघाचा होता, तो त्या सुटीत बसला. आणि १९४७ च्या गॅट करारात, म्हणजे जकात आणि व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय करारात, चोविसाव्या कलमानं ही सूट लेखी झाली.