दस्तुरी नाक्यावर एक वजनकाटा हवा

मे महिना लागला की आमच्या शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर माथेरानचा नाहीतर महाबळेश्वरचा एखादा व्हिडिओ येतोच. सहा फुटी, आडव्या अंगाचा माणूस, पाय जवळजवळ जमिनीला टेकलेले आणि खाली लहानखुरं तट्टू. लगेच दोन तट पडतात. एक बाजू म्हणते, मुक्या जनावराचे हाल आहेत, घोडेस्वारी बंदच करा. दुसरी म्हणते, घोडेवाल्याच्या पोटावर पाय आणू नका. शिवाय भीमथडीच्या तट्टांवर बसूनच आपले लोक 1758 मध्ये अटकेपर्यंत गेले, तेव्हा कोण वजन करत होतं?

मी इंग्लंडात, डेव्हनमध्ये राहते. मुलगी इथल्या एका रायडिंग स्कूलमध्ये घोडेस्वारी शिकते, त्यामुळे शनिवारी मीही तिथं झाडलोट, चारापाणी करायला जाते. हे सगळं जवळून बघितल्यावर मला या भांडणातली दोन्ही टोकं अपुरी वाटतात. बंदीही नको आणि डोळेझाकही नको. प्रत्येक जनावराचा वजनाचा आकडा ठरलेला असावा, आणि त्या आकड्यावर बोट ठेवून नाही म्हणण्याची घोडेवाल्याची ऐपत असावी.

इथं नवीन माणूस आला की आधी बूट आणि हेल्मेटसकट वजनकाट्यावर उभा राहतो. खोगीर ठेवायच्या खोलीत एक फळा आहे, त्यावर प्रत्येक घोड्याच्या नावासमोर खडूनं किलो लिहिलेले. ते कायमचे नसतात. आमच्याकडची एक घोडी आता म्हातारी झालीय, तिचा आकडा दर वसंतात खाली येतो. आता तिच्यावर फक्त लहान मुलं बसतात. आकडा ओलांडला तर शिकवणाऱ्या बाई सरळ सांगतात की आज तुम्हाला बसवता येणार नाही. कोणी हसत नाही, कोणी आवाज चढवत नाही.

आता उंचीचं. माणूस उंच आहे म्हणून तट्टाला जड होतो असं नाही. स्कॉटलंडचे हायलँड पोनी उंचीला फार तर 148 सेंटिमीटर, पण डोंगरात मारलेली हरणं पाठीवर घालून खाली आणायला पिढ्यानपिढ्या वापरलेले. रुंद कंबर, पायांच्या जाड नळ्या. आमच्याकडे सहा फूट दोन इंचांचा एक काटकुळा मुलगा त्यातल्याच एकावर बसतो. पाय लोंबतात, दिसायला विचित्र दिसतं, पण जनावर आरामात चालतं. उलट त्याच्याहून वीतभर बुटक्या पण वजनदार काकांना त्याच पोनीवर बसू दिलं नाही. आइसलँडमध्ये तर धिप्पाड पुरुष असल्याच बुटक्या घोड्यांवरून डोंगर पालथे घालतात.

तरीही उंचीचा एक खरा अडथळा आहे, आणि व्हिडिओखाली भांडणारे त्याबद्दल कधीच बोलत नाहीत. तो आहे खोगिराचा. उंच माणसाची मांडी लांब, म्हणून त्याला बैठकही लांब लागते. घोड्याच्या पाठीत मात्र ओझं पेलणारा भाग ठरलेला असतो: बरगड्यांच्या 18 जोड्या असतात आणि शेवटच्या बरगडीच्या मागं खोगीर जाता कामा नये, कारण तिथून पुढं कमरेच्या मणक्यांना खालून बरगड्यांचा आधार नसतो. आखूड पाठीच्या तट्टावर लांब मांडीचा माणूस बसला की तो खोगिराच्या मागच्या कडेवर सरकतो आणि सगळा भार नको तिथं पडतो. न्यूमार्केटच्या ॲनिमल हेल्थ ट्रस्टमध्ये सहा घोड्यांवर वेगवेगळ्या वजनाचे चार स्वार बसवून वजनाचा परिणाम तपासला होता. जड स्वारांच्या चाचण्या मध्येच थांबवाव्या लागल्या, कारण घोडे लंगडू लागले किंवा वेदना दाखवू लागले. स्वाराला खोगीर नीट बसतं का, हाही प्रश्न तेव्हापासून इथं गांभीर्यानं घेतला जातो.

वजनाचा ढोबळ हिशेब असा, की खोगिरासकट ओझं घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा जास्त नको. अमेरिकेत ओहायोला 2008 च्या एका अभ्यासात आठ घोड्यांवर 15, 20, 25 आणि 30 टक्के भार देऊन पाहिला. 25 टक्क्यांपासून पुढं हृदयाचे ठोके वाढले आणि स्नायू दुखू लागले. ग्रीसच्या सँटोरिनी बेटावर गाढवांच्या हालांवरून ओरड झाली, तेव्हा 2018 मध्ये सरकारनं 100 किलो किंवा जनावराच्या वजनाचा पाचवा हिस्सा अशी मर्यादा घातली. आता 300 किलोचं तट्टू धरा. साठ किलो, तेही खोगीर धरून. पर्यटकांच्या रांगेतले निम्मे पुरुष इथंच बाद होतात.

आणि हे काही परदेशातून आणायचं ज्ञान नाही. भारत सरकारचे 1965 चे नियम आहेत, ओझ्याच्या जनावरांसाठी. त्यात तट्टाला 70 किलो आणि गाढवाला 50 किलो लिहिलेत. डेव्हनमधली गाढवांची प्रसिद्ध संस्था, डाँकी सँक्चुअरी, स्वारासाठी 50 किलोचीच मर्यादा सांगते. म्हणजे आपला कागद साठ वर्षांपूर्वीच बरोबर होता. भर दुपारी 37 अंशांच्या वर पारा गेला तर जनावर जुंपू नये, हेही त्यातच आहे.

मग आपल्याकडे अडतं कुठं? घोडेवाल्याच्या मनाला पाझर फुटत नाही म्हणून? मला हे अजिबात पटत नाही. माथेरानच्या घोडेवाल्याला आपलं जनावर तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं कळतं. तंग आवळतानाच त्याला समजतं की ही स्वारी जड जाणार. पण त्यानं नाही म्हटलं तर त्याची फेरी बुडते आणि तोच माणूस पलीकडच्या घोड्यावर बसून निघून जातो. इथल्या बाईंना महिन्याचा पगार आहे. गिऱ्हाईक परत गेलं तरी त्यांची चूल पेटते. शिवाय 2018 च्या नियमांनुसार अशा जागेला कौन्सिलचा, म्हणजे इथल्या नगरपालिकेचा, परवाना लागतो आणि पशुवैद्य दर वर्षी येऊन जनावरं तपासतो. परवाना गेला तर धंदाच बंद, म्हणून नाही म्हणणं त्यांना परवडतं. ब्लॅकपूलच्या किनाऱ्यावरच्या गाढवांना शुक्रवारी सुट्टी मिळते तीही कौन्सिलच्या नियमामुळं, मालकाच्या लहरीवर नाही.

अटकेचा दाखला देणाऱ्यांनाही एक सांगायचंय. शिलेदार स्वतःचं घोडं घेऊन चाकरीला यायचा. घोडं गेलं की शिलेदारी गेली, मग सरकारी घोड्यावरचा बारगीर व्हायची पाळी. त्याचं सगळं आयुष्य त्या पाठीवर अवलंबून होतं, म्हणून तो तिला जपायचा. सामान हलकं, माणूस सडपातळ, आणि बसायची कला लहानपणापासूनची. वर्षातून एकदा येऊन दुडक्या चालीवर पोत्यासारखा आपटत राहणारा आपला पर्यटक आणि तो स्वार एका मापात कसे येतील? त्या भीमथडी जातीची अलीकडेच स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय नोंद झाली, याचा मला फार आनंद आहे.

माथेरानला काय करता येईल ते अगदी साधं आहे. दस्तुरी नाक्यावर, घोडा ठरतो तिथंच, नगरपरिषदेनं एक वजनकाटा ठेवावा. पशुवैद्यानं प्रत्येक घोड्याचा आकडा ठरवून परवान्यावर लिहावा. जड गिऱ्हाईक नाकारलं तर त्या घोडेवाल्याचा नंबर रांगेत मागं जाऊ नये, पुढचं हलकं गिऱ्हाईक त्यालाच मिळावं. नाकारलेल्या माणसाला अमन लॉजहून मिनी ट्रेन आहे, आता ई-रिक्षाही आहे. ई-रिक्षांना घोडेवाल्यांचा विरोध आहे आणि त्यामागची भीती खरी आहे. पण जड माणसं रिक्षानं आणि मुलं, हलकी माणसं घोड्यावर, अशी वाटणी झाली तर घोड्याचं कामाचं आयुष्य वाढेल आणि नवं जनावर घ्यायचा खर्च पुढं ढकलला जाईल. घोडेवाल्यांच्या संघटनेनंच ही मागणी पुढं केली, तर नगरपरिषदेला ती टाळणं जड जाईल.