रेसिंगची लव्हस्टोरी आणि आमच्या घरातला वाद

परवा आमच्या फॅमिली ग्रुपवर जाम पेटलं, आणि कारण काय तर एक पुस्तक. माझी 19 वर्षांची भाची कोल्हापुरात राजारामपुरीत असते, तिच्या उशाखाली वहिनीला एक इंग्रजी कादंबरी मिळाली, कव्हरवर हेल्मेट काखेत धरलेला हिरो आणि त्याला बिलगलेली हिरॉईन. फॉर्म्युला वनचा ड्रायव्हर आणि त्याच्याच टीममधली इंजिनीयर मुलगी, यांची लव्हस्टोरी. वहिनीनं मधलीच चार पानं उघडली आणि नेमकी नको ती चार लागली. मग काकांनी लिहिलं, खांडेकरांच्या गावात राहून पोरी हे वाचणार का. आणि भाचीनं मला वेगळा मेसेज केला, आत्या तू तिकडं रेसिंगवाल्यांच्यात राहतेस, तू वाच आणि खरं काय ते सांग.

वाचली, दोन रात्रीत. मी इंग्लंडमध्ये नॉर्थॅम्प्टनला राहते, सिल्व्हरस्टोनचा ट्रॅक इथून गाडीनं अर्ध्या तासावर. 13 मे 1950 ला फॉर्म्युला वनच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपची पहिली रेस झाली ती तिथंच. या भागात रेसिंगच्या टीमा आणि त्यांना पार्ट पुरवणारी वर्कशॉप इतकी आहेत की आपल्या उद्यमनगरची आठवण येते. आमच्या ओळखीत अशी घरं आहेत जिथला माणूस सीझन सुरू झाला की महिन्यातले पंधरा दिवस घरी नसतो, आता वर्षाला 24 पर्यंत रेस असतात, बायका एकट्यानं पोरं वाढवतात.

तर आधी काकांना. काका, खांडेकर कोल्हापूरचे तसे ना. सी. फडकेपण काही वर्षं कोल्हापूरचेच, राजाराम कॉलेजात शिकवायचे, आणि कलेसाठी कला की जीवनासाठी कला हा या दोघांच्या नावानं गाजलेला वाद तुमच्याच तोंडून मी लहानपणी ऐकलाय. फडक्यांच्या प्रेमकथा तुमच्या पिढीनं मिटक्या मारत वाचल्या की. मी स्वतः करवीर नगर वाचन मंदिरातून प्रेमकथा आणून पेपरचं कव्हर घालून वाचायचे, कुणी बघू नये म्हणून. तिच्याकडनं पुस्तक काढून घेऊ नका.

माझा राग वेगळ्याच गोष्टीवर आहे. या लेखिकेला रेसिंगमधलं प्रेम कुठं असतं ते एकदा सापडलं होतं, आणि तिनं ते सोडून दिलं.

पुस्तकात एक सीन आहे, माझ्या मते सगळ्यात भारी. हिरॉईन रात्री एकटी बसून लॅपचा, म्हणजे ट्रॅकवरच्या एकेका फेरीचा, डेटा ग्राफवर बघतीय आणि तिला दिसतं की एका विशिष्ट वळणावर हा माणूस हल्ली थोडा आधी ब्रेक मारतोय. थोडाच. बाकी कुणाला कळणार नाही एवढा. म्हणजे तो घाबरलाय, आणि हे त्याच्या आधी तिला कळलंय, आणि ती रिपोर्टमध्ये लिहीत नाही. मी ते पान तीनदा वाचलं. नोकरी एकीकडं, माणूस एकीकडं, आणि मध्ये ती एक वाकडी रेघ. यावर अख्खी कादंबरी उभी राहिली असती हो. पण पुढच्या चॅप्टरला दोघं मोनाकोत बोटीवर, आणि ती भीती परत कुठं येतच नाही.

त्यानंतर मग काहीही. हिरॉईन रेस चालू असताना टीमच्या रेडिओवर त्याला प्रेमाची कबुली देते, अगं बाई तो रेडिओ टीव्हीवर ऐकवतात, बाकीच्या टीमा कान लावून बसलेल्या असतात. पिट स्टॉपला, म्हणजे रेसमध्येच गाडी टीमपाशी थांबते तेव्हा, पेट्रोल भरताना दोघांची नजरानजर होते. रेसमध्ये पेट्रोल भरणं 2010 पासून बंद आहे, आणि मॅक्लारेन टीमनं 2023 ला कतारमध्ये चार टायर 1.80 सेकंदात बदललेत, पापणी लवेपर्यंत गाडी गेलेली असते. क्रॅश होतो तोपण असाच, एका पानात आग, दुसऱ्या पानात हॉस्पिटलमध्ये अंगठी.

2020 ला बहरीनच्या रेसमध्ये ग्रोजाँ या ड्रायव्हरची गाडी बॅरियरमध्ये घुसून दोन तुकडे झाली आणि पेटली, अर्ध्या मिनिटाच्या आसपास तो त्या आगीत होता. डोक्यावरच्या त्या हेलो पट्टीनं जीव वाचला, ती 2018 ला सक्तीची झाली तेव्हा लोकांनी नाकं मुरडली होती. नंतर तो म्हणाला की आतून बाहेर पडताना स्वतःची पोरं डोळ्यासमोर होती. मला त्या घरचं वाचायचं होतं. टीव्हीसमोर बसलेल्यांचं.

कारण ते मला माहितीय. आमचे आजोबा गंगावेस तालमीतले. खासबागला त्यांची कुस्ती असली की आजी चूल पेटवायची नाही, अंबाबाईच्या देवळात गरुड मंडपात जाऊन बसायची, आणि एखादं पोरगं पळत येऊन निकाल सांगेपर्यंत पाणी प्यायची नाही. दूध, तूप, बदाम, त्या खुराकापायी तिच्या पाटल्या दोनदा सावकाराकडं गेल्या. दोघांना गोड बोलताना घरात कुणी ऐकलं नाही. आपल्याकडं मोहित्यांच्या ट्रॅकवर कार्टिंगच्या, म्हणजे छोट्या रेसगाड्यांच्या, नॅशनलच्या फेऱ्या झाल्यात, तिथं जाळीला धरून उभ्या असलेल्या आयांना विचारा, टायरचा खर्च आणि पोराचं वळण दोन्ही एकदम डोक्यात कसं चालतं ते. कादंबरीत पैशाचा विषयच नाही. हिरोच्या आईबापांनी काय विकलं, कुणास ठाऊक.

इथं मी हे पुस्तक लायब्ररीतून आणलं, काउंटरवरच्या बाईनं वर बघितलंसुद्धा नाही. ट्रेनमध्ये उघड धरून वाचलं. 19 व्या वर्षी मला हे मिळालं असतं तर किती बरं झालं असतं, हे मनापासून सांगते. पण वाचून झाल्यावर त्या डेटाच्या सीनबद्दल बोलायला इथं एक माणूस नाही. ऑफिसात सांगितलं तर 'ओ नाइस' म्हणाले आणि विषय संपला. तिकडं मात्र एका पुस्तकावरनं दोन रात्री अख्खं घर भांडतंय, न वाचता का होईना. वहिनी, तुम्ही पहिल्या पानापासून वाचा, मग दोघी मायलेकी बसून भांडा.

दादा दोन दिवस ग्रुपवर काहीच बोलला नव्हता. मी सगळं लिहिल्यावर काल रात्री फाउंड्रीतनं आल्यावर त्यानं एवढंच विचारलं, तो ब्रेक किती मीटर आधी मारत होता? पुस्तकात आकडा दिलेला नाही. त्याला पान नंबर पाठवलाय.