पाण्याचा रंग बघत राहा

तुम्ही मित्रांसोबत पावसाळी जंगलातून धबधब्यांपर्यंत केलेल्या भटकंतीचं वर्णन फार आवडलं. ओल्या पाचोळ्याचा वास आला अगदी! पण धबधब्याखालच्या डोहात तासभर डुंबल्याचं वाचून काळजी वाटली, म्हणून लिहितेय.

आम्ही चौघंही असेच डोहात होतो. आभाळ मोकळं, पाणी इतकं नितळ की तळाचे गोटे दिसत होते. मैत्रिणीच्या हाताला वाहत आलेल्या काड्या लागल्या, मग पाला, आणि बघता बघता पाणी मातकट झालं. ती ओरडली, "निघा!" आम्ही वर चढतोय तोवर सॅक ठेवलेला खडक बुडाला. पाऊस आमच्या डोक्यावर नव्हताच, तो वर डोंगरमाथ्यावर कोसळत होता. जोराच्या प्रवाहात जेमतेम १५ सेंटिमीटर पाणीही माणसाला पाडू शकतं.

बाकी अशा वाटेवर जळवा चिकटल्या तर घाबरू नका. नख आडवं सरकवून सोडवायच्या, ओढायच्या नाहीत. त्यांच्या लाळेमुळे रक्त गोठत नाही, म्हणून जखम जरा जास्त वेळ वाहते. ती धुऊन दाबून धरली की थांबते.