‘बोर्ड गेला’ म्हणजे नेमकं काय गेलं?

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात इथे गोव्यात, डिचोलीत रात्रभर गडगडाट चालला होता. विजा जवळ यायला लागल्या तसा मी उठलो, फ्रिजचा, वॉशिंग मशीनचा आणि पीएस-४चा (टीव्हीला जोडून गेम खेळायचा कन्सोल) प्लग काढला आणि पुन्हा झोपलो. सकाळी बघतो तर डिशचा सेट-टॉप बॉक्स मेलेला. टीव्ही चालू होता, पण त्याचा एक एचडीएमआय पोर्ट (चित्र-आवाजाची केबल लावतात ती खाच) काम करेना. पीएस-४चं बटण दाबलं. नेहमीसारखा बीप झाला, निळा दिवा लागला, मग पांढरा होऊन स्थिर राहिला. पंखा फिरतोय. आणि पडद्यावर ‘नो सिग्नल’.

प्लग काढलेलं मशीन विजेने कसं जाईल, हे मला त्या दिवशी कळेना. पाच आठवड्यांनी कळलं. त्या पाच आठवड्यांत जे पाहिलं ते सविस्तर लिहितोय, कारण ‘बोर्ड गेला’ (बोर्ड म्हणजे मशीनच्या आतली मुख्य सर्किटची पाटी) हे दोन शब्द ऐकून चांगली मशीनं भंगारात टाकणारी माणसं माझ्या आजूबाजूला खूप आहेत, आणि मला त्याचं मनापासून वाईट वाटतं.

आधी या मशीनबद्दल. माझा धाकटा भाऊ जहाजावर असतो, इथल्या भाषेत तारवटी. २०१५ साली पहिलं कॉन्ट्रॅक्ट संपवून घरी आला तेव्हा त्याने हा पीएस-४ घेतला. फुटबॉलच्या गेममध्ये आम्ही चौथ्या डिव्हिजनमधला एक लहानसा क्लब निवडला आणि त्याला वर चढवायला लागलो. एक मॅच त्याची, एक माझी. तो वर्षातून दोन-तीन महिने घरी, बाकी समुद्रावर. तो नसताना त्या सेव्हला, म्हणजे मशीनमध्ये साठवलेल्या आमच्या खेळाला, हात लावायचा नाही, हा आमच्यातला नियम. इतक्या वर्षांत नऊ सीझन झाले. कुठला पोरगा आम्ही सतराव्या वर्षी घेतला आणि आता तो कॅप्टन आहे, कुठल्या फायनलला भावाने शेवटच्या मिनिटाला पेनल्टी बाहेर मारली, हे आमच्या घरात नातेवाइकांच्या लग्नांइतकंच आठवणीत आहे. यंदा तो चवथीला, म्हणजे गणपतीला, येणार होता.

म्हणून मी घाई केली नाही. आधी घरातच तपासलं. केबल बदलली, शेजारच्यांच्या टीव्हीला जोडून पाहिलं. तिथेही काळा पडदा. मग सेफ मोड. मशीन पूर्ण बंद करून पॉवरचं बटण दाबून धरायचं. एक बीप लगेच होतो, दुसरा साधारण सात सेकंदांनी. दुसरा ऐकला की बोट सोडायचं, आणि कंट्रोलर यूएसबी वायरने जोडायचा. सेफ मोडमध्ये चित्र कमी रिझोल्यूशनवर येतं. त्यामुळे केवळ सेटिंग बिघडून पडदा काळा झाला असेल तर इथे चित्र दिसतं आणि तिथेच दुरुस्त करता येतं. मला तिथेही काही दिसलं नाही. पण डिस्क घातली तर मशीनने ती आत ओढून घेतली, फिरवली. कंट्रोलरचा दिवा लागला. म्हणजे मशीन जिवंत होतं, फक्त चित्र बाहेर पाठवत नव्हतं. एवढं तर मला, इलेक्ट्रॉनिक्सचा गंध नसलेल्या माणसाला, स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून समजलं.

(ज्यांचं चित्र येतं पण गेम अडकतो, त्यांच्यासाठी एक गोष्ट इथेच सांगतो. सेफ मोडच्या यादीत ‘रिबिल्ड डेटाबेस’ आहे, तो आधी करा. त्याने तुमचे सेव्ह पुसले जात नाहीत. ‘इनिशियलाइझ’ने सगळं पुसलं जातं. दुकानात मशीन द्याल तेव्हा ‘मला विचारल्याशिवाय इनिशियलाइझ करायचं नाही’ हे पावतीवर लिहून घ्या.)

मग शहरातल्या एका मोठ्या दुकानात नेलं. नाव लिहीत नाही, कारण प्रश्न एका दुकानाचा नाही. अकरा दिवस मशीन तिथे होतं. तीनदा फोन केला, तीनदा ‘फाल्यां सांगतां’ (उद्या सांगतो). बाराव्या दिवशी गेलो तेव्हा काउंटरवरच्या माणसाने मशीन माझ्याकडे सरकवलं आणि म्हणाला, “बोर्ड गेलो पात्रांव. नवोच घे.” तपासणीचे सहाशे रुपये दिले. बोर्डात काय गेलं, असं विचारलं तर म्हणाला, बोर्ड म्हणजे बोर्ड. शेल्फवरच्या नव्या खोक्यांकडे बोट दाखवलं, हप्त्यांची सोय आहे म्हणाला.

घरी येऊन मी मशीन उलटं करून पाहिलं. या जुन्या मॉडेलमध्ये मागच्या बाजूचे काही स्क्रू वॉरंटीच्या स्टिकरखाली असतात. ते काढल्याशिवाय मशीन उघडत नाही. माझ्या मशीनचे स्टिकर जसेच्या तसे होते. कडा सुद्धा उचललेल्या नव्हत्या. अकरा दिवसांत ते कोणी उघडलंच नव्हतं.

मला राग सहाशे रुपयांचा आला नाही. न बघता निकाल दिला, याचा आला. घरात कोणी आजारी असताना डॉक्टरने नाडीही न बघता ‘आशा सोडा’ म्हटलं तर आपण ऐकून घेऊ का? मशीन माणूस नाही हे मला कळतं. पण चाळीस हजारांच्या आसपासची वस्तू घेताना मध्यमवर्गीय घर किती महिने विचार करतं, हेही मला कळतं.

आणि ‘बोर्ड बदलू’ म्हणणाऱ्यांनी एक गोष्ट ग्राहकाला सांगायलाच हवी, जी कोणी सांगत नाही. पीएस-४ची हार्ड डिस्क त्या-त्या मशीनच्या बोर्डाशी कुलूप-किल्लीसारखी बांधलेली असते. डिस्कवरचा सगळा डेटा त्याच मशीनच्या किल्लीने एन्क्रिप्ट केलेला असतो. ती डिस्क दुसऱ्या पीएस-४मध्ये घातली तर तो आधी फॉरमॅट करायला सांगतो. म्हणजे बोर्ड बदलला किंवा ‘जुनं द्या, दुसरं घ्या’ केलं, तर डिस्क ठणठणीत असूनही त्यातले सेव्ह गेले. आमचे नऊ सीझन त्या डिस्कवर होते, आणि त्यांची किल्ली त्या बोर्डावर होती. त्यामुळे मला दुसरा बोर्ड नको होता, हाच बोर्ड दुरुस्त व्हायला हवा होता.

या काळात सल्ले पुष्कळ आले. वाड्यावरच्या एका मुलाने हेअर ड्रायर आणून दिला, बोर्ड तापव म्हणाला, व्हिडिओत पाहिलंय. त्याने प्रेमाने आणला होता, पण मी वापरला नाही. हा उपाय जुना आहे. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स ३६० या कन्सोलला लाल दिव्यांचं वर्तुळ येऊन मशीनं बंद पडायची, तेव्हा लोक ती टॉवेलमध्ये गुंडाळून मुद्दाम तापवायचे. काही वेळ चालायचं, पुन्हा बंद. त्या दुखण्याचं मूळ चिपच्या आतल्या जोडांत होतं, सतत तापून आणि थंड होऊन ते तुटायचे. वरून गरम करून तुटलेला जोड सांधत नाही, घटकाभर टेकतो. मायक्रोसॉफ्टने २००७ साली त्या दोषासाठी वॉरंटी तीन वर्षांपर्यंत वाढवली आणि शंभर कोटी डॉलर्सहून जास्त रक्कम बाजूला काढली. एवढ्या मोठ्या कंपनीला जे करायला इतका पैसा लागला, ते टॉवेलने आणि ड्रायरने होत नाही. माझ्या मशीनचं दुखणं तर वेगळंच होतं.

शेवटी ऑफिसमधल्या एकाने म्हापशातल्या एका मोबाईल रिपेअरिंगवाल्याचं सांगितलं. बाजारामागच्या गल्लीत, जेमतेम एका माणसाला बसता येईल एवढं दुकान. पोरगा पंचविशीचा असेल. मी गेल्या-गेल्या विचारलं, बोर्ड गेला असेल का? तो हातातलं काम न थांबवता म्हणाला, “उगडून पळयनासतना हांव कितें सांगूं?” उघडून पाहिल्याशिवाय मी काय सांगू?

त्याने माझ्यासमोर उघडलं. स्टिकर काढले, आत मध्यभागी छिद्र असलेले चांदणीच्या आकाराचे स्क्रू असतात, त्याचा वेगळा पाना त्याच्याकडे होता. आत दहा वर्षांचा गोवा भरलेला होता. पंख्याच्या पात्यांवर धूळ आणि दमट हवा मिळून राखाडी वाकळीसारखा थर, पॉवर सप्लायच्या खाली झुरळांची अंडी. कन्सोल उबदार असतो, पावसाळ्यात झुरळं आणि पाली तिथेच शिरतात, म्हणाला. मग बोर्ड मायक्रोस्कोपखाली ठेवला आणि मला जागा करून दिली. “दादा, हांगा पळय.”

एचडीएमआय पोर्टच्या मागे नखाएवढी चौकोनी काळी चिप. चित्राचा सिग्नल टीव्हीकडे पाठवते ती. तिच्या एका कोपऱ्यावर टाचणीच्या डोक्याएवढा फोड आला होता, आणि पोर्टची एक पिन काळी पडली होती. बाकी सगळा बोर्ड स्वच्छ. त्या एवढ्याशा फोडाला अकरा दिवस ‘बोर्ड गेला’ म्हणत होते.

आणि तिथेच मला माझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. त्याने विचारलं, सेट-टॉप बॉक्सही गेला का? म्हटलं, हो. टीव्हीचा पोर्ट? हो. मग त्याने बोटाने हवेत रस्ता काढून दाखवला. छपरावरची डिश, तिची केबल, सेट-टॉप बॉक्स, तिथून एचडीएमआयने टीव्ही, टीव्हीतून दुसऱ्या एचडीएमआयने पीएस-४. मी प्लग काढला होता, पण ही वाट उघडी ठेवली होती. वीज घरावर पडावी लागत नाही, जवळपास पडली तरी लांब केबलमध्ये धक्का तयार होतो आणि मिळेल त्या वाटेने जातो. त्याच्या टेबलावर जून-जुलैत अशाच चिप येतात, ऑक्टोबरच्या गडगडाटात पुन्हा येतात.

चिप आणि पोर्ट दिल्लीहून कुरिअरने मागवावे लागले. नऊ दिवस लागले. बसवताना मी पुन्हा गेलो होतो. फ्लक्स लावून गरम हवेने जुनी चिप उचलली, खालचे पॅड साफ केले, नवी ठेवली, मग केसाएवढ्या पिना एकेक तपासल्या. तासभर तो एक शब्द बोलला नाही. टीव्हीवर आमचा होम स्क्रीन आला तेव्हा मी खुर्चीवरून उठलोच. सगळं मिळून अठ्ठावीसशे रुपये घेतले, पंखा साफ करून नवी थर्मल पेस्ट लावली ती त्यातच. जळलेली चिप प्लास्टिकच्या पिशवीत घालून माझ्या हातात दिली. “तुमची वस्तू,” म्हणाला. मला हे फार मोठं वाटलं.

माझं म्हणणं एवढंच आहे की तपासणीचे पैसे घेणाऱ्याने दोष दाखवला पाहिजे. कुठला भाग, कुठे, का. फोटो द्या, लिहून द्या. ‘बोर्ड गेला’ हे निदान होत नाही. पार्ट मिळत नसेल तर तसं सांगा, तुमच्याकडे बोर्डावर काम करणारा माणूस नसेल तर तेही सांगा, त्यात कमीपणा नाही. पण स्वतःला येत नाही म्हणून दुरुस्त होत नाही, असं गिऱ्हाइकाला सांगणं अन्याय आहे.

दुरुस्तीचा हक्क हा विषय आता सरकारदरबारीही आहे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये त्यासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये राष्ट्रीय ग्राहक दिनी ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं. शेतीची अवजारं, मोबाईल व इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती उपकरणं आणि वाहनं अशी चार क्षेत्रं त्यात धरली आहेत. हे चांगलंच आहे. पण मला वाटतं, हक्क पोर्टलवर असून पुरत नाही. म्हापशाच्या त्या पोराला चिप दिल्लीहून मागवायला लागू नये, त्याला बोर्डाचा नकाशा उघडपणे मिळावा, तेव्हा तो हक्क डिचोलीपर्यंत पोचेल. पावती, तारीख, दुकानाचं उत्तर जपून ठेवा. कोणी फसवलंच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे.

मी घरात काय बदललं तेही सांगतो. पहिल्याच संध्याकाळी यूएसबीवर सेव्हची कॉपी घेतली. पीएस-४च्या सेटिंग्जमध्ये सेव्ह डेटाच्या व्यवस्थापनात जाऊन घेता येते, पैसे पडत नाहीत. क्लाउडला वर्गणी लागते, याला साधा पेनड्राइव्ह पुरतो. दहा वर्षांत आम्ही ते केलं नव्हतं आणि त्या पाच आठवड्यांत मला रोज रात्री ते आठवायचं. दुसरं, पावसाळ्यात मशीन आठवड्यातून दोनदा तरी तासभर चालू ठेवतो, आतला दमटपणा उबेने जातो. आणि गडगडायला लागलं की प्लगबरोबर एचडीएमआय, डिशची केबल, इंटरनेटची वायर, सगळं काढायचं. आता आईलाही पाठ झालंय, आभाळ काळं झालं की माजघरातूनच विचारते, टीव्हीच्या मागच्या वायरी काढल्यास का.

भाऊ चवथीच्या चार दिवस आधी आला. माटोळी (गणपतीवर टांगतात ती फळा-पानांची सजावट) बांधून झाल्यावर रात्री आम्ही दहावा सीझन सुरू केला. पहिली मॅच त्याची होती, एक-शून्यने हरला.

आता तुमच्याकडून एक हवंय. गोव्यात कुठेही, चिपपर्यंत जाऊन बोर्ड दुरुस्त करणारा आणि उघडून दाखवणारा कारागीर तुमच्या अनुभवाचा असेल तर त्याला विचारून, त्याचं दुकान कुठल्या गावात आहे ते खाली लिहा. सत्तरीतल्या आणि पेडण्यातल्या मुलांना बंद मशीन पिशवीत घालून दुकानामागून दुकान फिरायला लागतंय. गावांनुसार यादी करून मी ती इथेच वर लावून ठेवीन.