एक हेन्री, तीन कॅथरीन आणि अगणित थॉमस

इंग्लंडच्या राण्यांवरचं पुस्तक हातात घेतलं की पहिली परीक्षा वंशावळीची. गोष्ट सुरू व्हायच्या आधीच दोन पानं भरून ते झाड असतं, त्याच्या फांद्यांवर बारीक अक्षरात एडवर्ड आणि एलिझाबेथ लटकलेले असतात, आणि मधली सगळ्यात महत्त्वाची फांदी नेमकी बाइंडिंगच्या घडीत गेलेली असते. ई-बुकवर तर विचारूच नका. दोन बोटांनी झाड मोठं करायला जावं तर पानच उलटतं आणि आपण थेट तिसऱ्या प्रकरणात, कुणाचं तरी बाळंतपण चालू, राजा बाहेर येरझाऱ्या घालतोय, आणि ही बाई कोण हे आपल्याला माहीतच नाही.

मला लोक विचारतात की एवढी मुंडकी उडतात ते वाचवतं कसं तुला. अहो, मुंडक्यांचं काही नाही, ती एकदा उडतात आणि विषय संपतो. खरा छळ नावांचा आहे. आठव्या हेन्रीच्या सहा बायका, त्यात तीन कॅथरीन, दोन अ‍ॅन आणि एक बिचारी जेन. त्याला झोपेत चुकीचं नाव तोंडातून जायची भीतीच नव्हती, कॅथरीन म्हटलं की निम्मे मार्क पक्के. पण आमचं काय? "अ‍ॅन हीव्हरच्या वाड्यात राहायला गेली" असं वाक्य येतं आणि मी थबकते, कारण हीव्हर हे अ‍ॅन बोलीनचं माहेर, आणि पुढे तेच घर घटस्फोटाच्या वाटणीत अ‍ॅन ऑफ क्लीव्ह्जला मिळालं. शिरच्छेद आठवून ओळखावं म्हटलं तर तेही नाही, एक अ‍ॅन गेली 1536 मध्ये आणि एक कॅथरीन गेली 1542 मध्ये, आणि त्या दोघी एकमेकींच्या सख्ख्या आतेमामे बहिणी!

बायकांचं एक वेळ पाठ होतं. पुरुष बघा. वूल्झी थॉमस, मोर थॉमस, क्रॉमवेल थॉमस, क्रॅनमर थॉमस, अ‍ॅन बोलीनचा बाप थॉमस, नॉरफोकचा ड्यूक थॉमस, ज्याच्यापायी पाचवी राणी कॅथरीन हॉवर्ड गोत्यात आली तो कल्पेपर थॉमस, आणि राजा मेल्यावर सहाव्या राणीने ज्याच्याशी लग्न केलं तो सीमोर पण थॉमसच, आणि तो परत तिसऱ्या राणीचा भाऊ. दरबारात कुणी नुसतं "थॉमस" म्हणून हाक मारली असती तर राज्यकारभार ठप्प झाला असता.

बरं नाव लक्षात ठेवलं तरी उपयोग नाही, कारण ही माणसं मधेच नाव बदलतात. म्हणजे पदवी मिळते. एडवर्ड सीमोर चांगला ओळखीचा झालेला असतो, तर तो पुढच्या प्रकरणात हर्टफर्ड होतो, मी त्याची सवय करून घेते, तेवढ्यात तो सॉमरसेट! मग मला वाटतं हा कोण नवीन खलनायक आला. आणि एकाने सोडलेली पदवी दुसऱ्याला मिळते, त्यामुळे मागच्या पुस्तकात जो वॉरिक लढाईत मेला तो या पुस्तकात जिवंत होऊन डाव टाकतोय.

मेरींबद्दल मी बोलणार नव्हते पण राहवत नाही. स्कॉटलंडची राणी मेरी, तिची आई मेरी, आणि 1548 मध्ये ही पाच वर्षांची मेरी फ्रान्सला निघाली तर सोबतीला चार मुली दिल्या, त्या चौघींचं नाव मेरी. ठरवून केलंय हे. आणि मागे बाराव्या शतकात गेलं तर त्याहून वाईट, सम्राज्ञी मटिल्डा, तिची आई मटिल्डा, आजी मटिल्डा, आणि जिच्या नवऱ्याशी गादीचं भांडण तीही मटिल्डा. 1141 साली विंचेस्टरला मटिल्डाच्या सैन्याने मटिल्डाला पळवून लावलं, हे वाक्य मी नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवलं तर तो म्हणाला, "अगं, झोप आता."

नवऱ्याचा तसाही या पुस्तकांना आक्षेप आहे, मुख्यतः कव्हरला. राण्यांवरच्या कादंबऱ्यांच्या कव्हरवर भरजरी झगा, गळ्यात मोत्यांची माळ आणि हनुवटीच्या वर फोटो कापलेला. जिचा शिरच्छेद झाला तिचं ठीक आहे, पण जी अंथरुणात शांतपणे गेली तिलाही हे लोक मुंडकं ठेवत नाहीत.

मात्र घरात मला एक भक्कम पाठिंबा मिळालाय तो सासूबाईंचा. दुपारी कुकर लावून त्या येऊन बसतात आणि "काय झालं पुढे त्या थोरलीचं" असं विचारतात. थोरली म्हणजे कॅथरीन ऑफ अ‍ॅरागॉन, हेन्रीची पहिली बायको, लग्न 1509 चं, त्यांचा जीव तिच्यावर. तेही कुठपर्यंत, तर शर्टांचा प्रसंग येईपर्यंत. राजा अ‍ॅन बोलीनच्या मागे उघड उघड लागलेला, आणि ही बाई तरीही त्याचे शर्ट शिवून देतेय, कापड तिच्याकडे जातंय, आणि ते कळल्यावर अ‍ॅनने आकांडतांडव केलं. मी हे सांगितलं तर सासूबाई शेंगा सोलता सोलता थांबल्या. "शर्ट? त्याचे? अजून?" मग बराच वेळ काही बोलल्या नाहीत, आणि मग म्हणाल्या, "बाह्या उसवायच्या होत्या मेल्याच्या."

फक्त त्यांचे प्रश्न अवघड असतात. नॉरफोकच्या ड्यूकने आपली भाची पुढे केली म्हटलं की विचारणार, मामा सख्खा का? मग पाचवीचा कोण? की मी परत त्या झाडाकडे. तर हा माणूस अ‍ॅन बोलीनचा सख्खा मामा आणि कॅथरीन हॉवर्डचा सख्खा काका, आणि अ‍ॅनच्या खटल्यात शिक्षा वाचून दाखवायला अध्यक्षस्थानी तोच. "आणि त्याचं काय झालं?" काही नाही आई, मृत्युदंड ठरला होता पण आदल्या रात्री राजाच मेला, हा सुटला आणि म्हातारा होऊन घरी गेला. यावर त्या जे म्हणाल्या ते इथे लिहिता येत नाही.

आणखी एक ताप म्हणजे प्रत्येक लेखक आपल्या राणीचा वकील. एका पुस्तकात अ‍ॅन बोलीन घरफोडी, दुसऱ्यात धर्मसुधारक, आणि दोन्हीकडे पुरावा तोच, शापुई नावाच्या राजदूताची पत्रं. हा पवित्र रोमन सम्राट पाचव्या चार्ल्सचा माणूस, आणि तो सम्राट थोरलीचा भाचा, त्यामुळे हा शापुई अ‍ॅनला पत्रांतून सरळ "ती रखेल" म्हणतो. वाड्यात कुठे खुट्ट झालं की याचं पत्र निघालंच. पण तो नसता तर अर्धी पुस्तकं लिहिलीच गेली नसती, म्हणून सगळे त्याला शिव्या घालतात आणि पानोपानी त्यालाच उद्धृत करतात. सासूबाईंना तो पहिल्या दिवसापासून पसंत. त्यांच्या मते सगळ्यात हुशार मात्र क्लीव्ह्जची अ‍ॅन, सहा महिन्यांत 1540 मध्ये नवऱ्याने नको म्हटलं तर हिने एक शब्द न काढता सही केली, घरं घेतली, पैसा घेतला, राजाची "बहीण" म्हणून मिरवली आणि सहाजणींत सगळ्यात शेवटी, 1557 मध्ये गेली.

हेन्रीचं ट्यूडर घराणं संपवून आता जरा पुढे सरकलोय. चौथी कॅथरीन, ब्रगांझाची, पोर्तुगालची राजकन्या, 1662 मध्ये इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सला दिली. नवऱ्याने आपलीच मैत्रीण तिच्या दासींमध्ये नेमली, तिला समोर आणल्यावर या पोरीच्या नाकातून रक्त आलं आणि ती कोसळली, इथपर्यंत सासूबाई गंभीर होत्या. मग मी म्हटलं, आई, हिच्या हुंड्यात मुंबई दिली होती. आपली. आणि चार्ल्सने ती 1668 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला 10 पौंड भाड्याने देऊन टाकली.

नवरा पहिल्यांदाच मोबाईलमधून वर बघून म्हणाला, "वर्षाला? महिन्याला नाही?"

"आणि डिपॉझिट?" सासूबाई म्हणाल्या.