लाल कव्हर, काळं ऑइल

विन्याने गाडी अशी लावली की पुढचं चाक बरोबर कट्ट्याच्या तोंडासमोर यावं. तेव्हाच कळलं की आज काहीतरी दाखवायचंय. अलॉयच्या आरांमधून लालभडक कॅलिपर, म्हणजे ब्रेकच्या डिस्कला चिमटीत धरणारा भाग, चमकत होता. बंड्या लगेच गुडघे टेकून बघायला लागला.

"कव्हर आहे ते," रेवा जागची न हलता म्हणाली. "प्लास्टिकचं."

"तात्पुरतं," विन्या म्हणाला. "खरं किट मागवतोय. सहा पिस्टनचं. ३५५ मिलिमीटरची डिस्क, भोकंवाली. घाटातल्या त्या प्रकारानंतर ब्रेकच्या बाबतीत नो तडजोड."

घाटातला तो प्रकार पुन्हा उगाळत नाही. मी मागच्या सीटवर मधोमध बसलो होतो आणि माझ्या मांडीवर बंड्याची सॅक होती, एवढं पुरे.

"त्यात ब्रेकचा काय दोष होता?" रेवाने विचारलं.

"काय दोष म्हणजे? धूर निघत होता! पेडल खाली गेलं!"

"आधी धूर की आधी पेडल?"

विन्याला आठवेना. कसं आठवणार, तो तेव्हा आईला हाका मारत होता. मला चांगलं आठवत होतं. आधी जळका वास, मग धूर, मग पेडल भुसभुशीत झालं. विन्याने दोन-चारदा पंप मारल्यावर थोडं वर आलं आणि आम्ही कडेला लागलो. अर्ध्या तासाने पेडल पुन्हा टणक, आणि हा म्हणे, "बघा, आपोआप बरी झाली गाडी."

"म्हणजे ब्रेकमधलं ऑइल उकळलं," रेवा म्हणाली. "पेडल दाबलं की तेच पॅडना डिस्कवर ढकलतं. पॅड तापून सुटले असते तर पेडल टणकच राहिलं असतं. सगळा जोर लावून दाबतोस आणि गाडी ऐकतच नाही, तो पॅडचा प्रकार. ऑइल उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात. ऑइल दबत नाही, वाफ दबते. तू पेडलवर नाही, बुडबुड्यांवर पाय देत होतास. थंड झाल्यावर वाफेचं परत ऑइल झालं आणि तुला वाटलं चमत्कार."

हे ती पुस्तकात वाचून सांगत नव्हती. ट्रॅकवर तिचं स्वतःचं झालंय. चौथ्या फेरीला लांब सरळ रस्ता संपतो तिथे पाय टाकला आणि पेडल फ्लोअरला. ती म्हणते, त्या क्षणी घाबरायला वेळच नसतो, गिअर खाली, पुन्हा खाली, आणि वाळूत. परत आली ती चारही चाकांचं ऑइल काढूनच. आमच्यात गाडी खरी तिलाच चालवता येते. तिच्या जुन्या हॅचबॅकला मागे अजून डिस्क नाहीत, जुन्या पद्धतीचे बंद ड्रम ब्रेक आहेत, आणि विन्याला घाटात ओव्हरटेक करणारी गाडी तीच होती. हे मी मुद्दाम लिहितोय, कारण विन्या हे वाचणार आहे.

"ऑइल, ऑइल! कंपनीने भरलेलंच ऑइल आहे माझ्यात," विन्या म्हणाला.

"तुझ्यात काय भरलंय ते माहीत आहे. गाडीत कधी भरलं होतं?"

"घेतली तेव्हा."

मास्तर हसला. मास्तर फिजिक्स शिकवतो आणि त्याला हातात खडू नसला तरी चालतं. "अरे, ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं. नवं डॉट ४ दर्जाचं असेल तर २३० डिग्रीच्या आत उकळता कामा नये. तेच ३.७ टक्के पाणी प्यालं की १५५ ला उकळलं तरी नियमात बसतं. डॉट ३ म्हणशील तर २०५ आणि १४०. म्हणून दर दोन वर्षांनी बदलायचं असतं. तू किती वर्षं पाजतोयस त्याला?"

विन्याने विषय बदलला. त्यात तो हुशार आहे. "ते सोड. डिस्क मोठी की ब्रेक जास्त, एवढं साधं आहे. १९५३ ला जॅग्वारने ल मान्स डिस्क ब्रेकवर जिंकली. बाकीचे ड्रम घेऊन बसले."

"ती चोवीस तासांची शर्यत होती," रेवा म्हणाली. "तुला चोवीस मिनिटांत उलटी येते."

"ती वळणं होती म्हणून!"

"गाडी तूच चालवत होतास, विन्या."

बंड्या इतका हसला की कट्ट्यावरून घसरला. तोपर्यंत तो विन्याच्या बाजूने होता. बंड्या नेहमी शेवटी बोलेल त्याच्या बाजूने असतो.

मास्तरला मात्र जॅग्वारचा मुद्दा आवडला. तो म्हणाला, तिथे खरी गोष्ट हीच होती की डिस्क तापली तरी उघड्यावर असते, वारा लागतो, पुन्हापुन्हा तसाच ब्रेक लागतो. ड्रममध्ये सगळी धग आत कोंडलेली. म्हणजे मोठ्या डिस्कचा उपयोग आहे, पण तो उष्णता पोटात घ्यायला. एकदा थांबायला नाही.

"हिशेबच बघ ना," म्हणत त्याने बोटानेच कट्ट्याच्या धुळीत आकडे काढले. "त्या दिवशी आम्ही पाच जण आणि सामान धरून तुझी गाडी १६०० किलो. ताशी १०० वरून थांबवायची तर सहा लाख ज्यूलच्या वर उष्णता. पावणेदोन लिटर गार पाणी उकळेल एवढी. आणि ती तीन-सव्वातीन सेकंदांत. म्हणजे ब्रेकची ताकद अडीचशे हॉर्सपॉवरच्या वर झाली. तुझं इंजिन किती?"

"एकशे अठरा."

"म्हणजे कंपनीच्या साध्या ब्रेकची ताकद तुझ्या इंजिनच्या दुप्पट आहे. आता घाट. ६०० मीटर खाली उतरलास की ९४ लाख ज्यूल. ताशी १०० वरून पंधरा वेळा गाडी थांबवल्यासारखं. आणि तू उतरलास कुठल्या गिअरमध्ये?"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मधोमध बसलो होतो, मला गिअरची दांडी दिसत होती.

"पाचव्या," मी म्हणालो.

"मायलेजसाठी," विन्या पुटपुटला.

यानंतर जे काही झालं त्याला चर्चा म्हणता येणार नाही. मास्तरने कपाळाला हात लावला. बंड्या "पाचव्या! पाचव्या!" करत कट्ट्याला एक चक्कर मारून आला. रेवा फक्त म्हणाली, "दुसऱ्या-तिसऱ्यात उतरला असतास तर बराचसा भार इंजिनने घेतला असता. तुला सहा पिस्टन नकोयत, एक डावा पाय आणि एक डावा हात हवाय."

विन्या आता हट्टाला पेटला. त्याचं म्हणणं, मग कंपन्या स्पोर्ट मॉडेलला मोठे ब्रेक का देतात? प्रश्न चुकीचा नव्हता, आणि रेवाने तो उडवूनही लावला नाही. ती म्हणाली की त्या गाडीचं वजन, इंजिन वेगळं असतं आणि मोठ्या डिस्कबरोबर पेडलखालून ऑइल ढकलणारा मास्टर सिलिंडर, मागचे ब्रेक, चाक लॉक होऊ न देणाऱ्या एबीएसचा प्रोग्राम हे सगळं एकत्र जुळवलेलं असतं. नुसते पुढचेच मोठे केलेस तर पुढे-मागे वाटणी बिघडते, पुढची चाकं लवकर लॉक व्हायला बघतात आणि मागचे नुसते प्रेक्षक. पिस्टनचं क्षेत्रफळ वाढलं की तेवढं जास्त ऑइल ढकलावं लागतं, म्हणजे पेडल लांब जातं. लोक पैसे घालून पेडल मऊ करून घेतात आणि म्हणतात, मस्त फील आलाय.

"आणि तुझी रिम किती इंची?" तिने विचारलं.

"पंधरा."

"म्हणजे ३८१ मिलिमीटर. त्यातून रिमची जाडी वजा कर. आत ३५५ ची डिस्क, तिच्या वरून कॅलिपर. कुठे बसवणार आहेस, डिकीत?"

विन्या गप्प. मग म्हणाला, "अठराच्या रिम घेईन."

"मग अठराचे टायर. मग गाडी जड. मग म्हणशील पिकअप गेला, इंजिनचं काहीतरी करू." ती कट्ट्यावरून उतरली, चाकापाशी बसली आणि मोबाईलचा टॉर्च टायरच्या कडेवर फिरवला. "हा टायरचा डॉट कोड, ऑइलवाला डॉट नाही, आणि त्याचे शेवटचे चार आकडे. २३१८. २०१८ सालचा तेविसावा आठवडा. विन्या, जोरात ब्रेक मारल्यावर पेडल पायाखाली थरथरतं का?"

"हो, कटकट आवाज येतो. म्हणून तर म्हणतोय ब्रेक कमी पडतात."

"अरे, तो एबीएस आहे! ब्रेक पुरून उरला म्हणूनच तो आला. चाक लॉक करण्याइतका जोर तुझ्याकडे आहे, रस्ता धरायला रबर नाहीये. गाडी ब्रेक थांबवत नाहीत, टायर थांबवतात. सहाच्या जागी सोळा पिस्टन बसव, हा टायर तेवढाच घसरणार."

माझ्या मते वाद इथेच संपला होता. पण कट्ट्यावर वाद संपला म्हणून कोणी उठत नाही.

बंड्याने विचारलं की मग रेसचे पॅड टाकले तर? फक्त पॅड? रेवा म्हणाली, रेसचा पॅड तापल्याशिवाय चावत नाही. सकाळी पहिल्या सिग्नलला गार पॅडवर पाय टाकशील आणि समोरच्याच्या डिकीत जाशील. शिवाय किंचाळतो असा की कुत्री मागे लागतील, आणि डिस्क खातो तो वेगळाच. रस्त्यावर जरा हाणायची असेल तर रस्त्यासाठीच केलेला, जरा वरच्या दर्जाचा पॅड घ्यावा. काही पॅडच्या कडेवर दोन अक्षरं असतात, पहिलं बेताच्या गरमीचं, दुसरं तापल्यावरचं. एफएफ म्हणजे दोन्हीकडे घर्षण ०.३५ ते ०.४५. दुसरं अक्षर पहिल्यापेक्षा खाली उतरलं तर तापल्यावर पॅड तुला सोडतो. आणि नवे टाकल्यावर ते डिस्कवर बसवावे लागतात: साधारण ताशी ६० वरून १० पर्यंत, आठ-दहा वेळा, पूर्ण न थांबता, मग थंड होईपर्यंत नुसतं फिरायचं. तापलेल्या डिस्कवर पॅड दाबून उभं राहिलास की तिथेच पॅडचा थर चिकटतो आणि नंतर स्टिअरिंग थडथडतं. लोक म्हणतात डिस्क वाकडी झाली. बहुतेक वेळा डिस्क सरळ असते.

"आणि भोकं?" विन्याने क्षीण आवाजात विचारलं. त्याचा जीव त्या भोकांत अडकला होता.

"पावसात डिस्कवरचं पाणी लवकर जातं, तेवढा फायदा. बाकी तिथूनच तडे सुरू होतात. दिसतात छान."

"दिसायला नको का मग?" विन्या. संध्याकाळभरातलं हे त्याचं एकमेव प्रामाणिक वाक्य.

मी म्हणालो, आधी आहे ते ऑइल बदलू, रविवारी, घरीच. तर मास्तर उसळला. "याच्याबरोबर? मागच्या वेळी माझ्या गाडीच्या ब्रेकमधली हवा काढताना हा पेडलवर बसला होता. मी खाली, हवा-ऑइल बाहेर सोडायच्या निपलला पाना लावून झोपलोय. मी म्हणतो दाब, हा दाबतो. मी म्हणतो धरून ठेव, निपल उघडतो, आणि याला फोन येतो! याने पेडल सोडलं, निपल उघडा. जेवढी हवा काढली होती त्याच्या दुप्पट आत. वर माझ्या डोळ्यावर ऑइल, आणि बोनेटवर सांडलं तिथला रंग अजून उडालेला आहे."

"फोन महत्त्वाचा होता," विन्या म्हणाला.

"फोन मी केला होता," बंड्या म्हणाला. "तो कुठे आहे विचारायला."

विषय निघालाच आहे तर सांगतो, विन्याने माझा जॅक नेलाय त्याला आता चौथं वर्ष लागलं. विचारलं की म्हणतो, तुलाच परत दिलाय. मी तेही बोलून घेतलं. त्यावर विन्याने शपथ घेतली, आणि ब्रेकच्या चर्चेत जॅक कशाला आणतोस म्हणून मलाच झापलं.

रेवाने बोनेट उघडायला लावलं. ब्रेक ऑइलची डबी सगळ्यांनी वाकून पाहिली. नवं ऑइल फिकट पिवळसर असतं. इथे काजळी घोळल्यासारखा रंग, आणि पातळी खालच्या रेघेला टेकलेली.

"ऑइल गळतंय!" बंड्या.

"कुठे ओल नाही. पॅड झिजले की पिस्टन बाहेर येतात, ऑइल त्यांच्या मागे जातं, म्हणून डबीत उतरतं. वरून भरू नकोस, नवे पॅड टाकताना आपोआप वर येईल." तिने टॉर्च आरांमधून आत मारला. "बाहेरचा पॅड ठीक दिसतोय. म्हणजे आतला गेला असणार. एका पिस्टनच्या कॅलिपरला सरकायला पिना असतात. त्या सुकून अडकल्या की कॅलिपर सरकत नाही, आतला पॅड एकटा मरतो. आणि वरून तू प्लास्टिकचं टोपडं घालून त्याचा वारा अडवलायस. चाक काढ. आणि पॅड बघेपर्यंत चावी माझ्याकडे."

विन्याने निमूट चावी दिली. मग उत्साहाने डिकी उघडली, मॅट उचललं, स्टेपनीशेजारच्या खाचेत हात घातला आणि जॅक बाहेर काढला.

जॅकच्या दांड्यावर हिरव्या ऑइलपेंटने माझं नाव होतं. पूर्ण नाव. आडनावासकट.

दोन सेकंद कोणी बोललं नाही. मग मास्तर कट्ट्यावर आडवा झाला, बंड्याला ठसका लागला, आणि रेवा, जी दिवसभर हसली नव्हती, ती बोनेटला धरून उभी राहिली. विन्या म्हणत होता, "अरे हा कसा आला इथे, अरे खरंच, हा कसा आला," आणि तेवढ्यात, कोणी हात न लावता, चाकातलं लाल कव्हर टक्कन सुटून आत पडलं.

चाक त्या संध्याकाळी काही निघालं नाही. कसं निघणार, जॅक मी घरी घेऊन आलो होतो.