मासे दिसावेत म्हणून नको, बूड कळावं म्हणून घ्या

भाऊ, तुमचं म्हणणं असं की, तापीवरच्या हतनूर धरणाच्या फुगवट्यात पिढ्यान्‌पिढ्या दोरीला वजन बांधून ठाव घेणाऱ्या भोयांना फिशफाइंडर, म्हणजे पाण्याखालचं बूड आणि मासे पडद्यावर दाखवणारं पंधरा हजारांचं खेळणं सुचवणं म्हणजे त्यांच्या खिशाला कात्री लावणं. शिवाय पावसाळ्याच्या गढूळ पाण्यात त्या यंत्राला दिसणार तरी काय? खिशाची काळजी मलाही तेवढीच आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

गढूळपणाचं आधी. फिशफाइंडर उजेडावर नाही, आवाजावर चालतो. गोड्या पाण्यात आवाज सेकंदाला साधारण १४८० मीटर जातो, बुडाला आपटून परततो आणि लागलेल्या वेळेवरून खोली निघते. गाळाच्या रंगानं त्याचं फारसं अडत नाही. अडतं ते हवेच्या बुडबुड्यांनी. म्हणून ट्रान्सड्यूसर, म्हणजे आवाज सोडणारा आणि परतलेला टिपणारा भाग, वल्ह्याच्या फेसापासून लांब, पाण्यात पूर्ण बुडालेला हवा.

दोरीला मी कमी लेखत नाही. पण दोरी एका जागेची खोली सांगते. चांगदेवला पूर्णा तापीला मिळते, तिथून खाली गाळ साचत राहतो, धरणाचे दरवाजे उघडले की पातळी उतरते. गेल्या वर्षीचा अंदाज यंदा चालेलच असं नाही. नाव पुढे सरकताना पडद्यावर सलग बूड उमटतं. खडक असेल तर रेघ जाड आणि ठसठशीत, बरेचदा खाली दुप्पट खोलीवर तिचीच पुसट जोडरेघ. गाळ असेल तर रेघ बारीक, फिकी. पाण्याखाली गेलेलं बाभळीचं खुंट त्या रेघेतून उभं वर आलेलं दिसतं. जाळं टाकायच्या आधी ते खुंट कळलं, तर फाटायचं जाळं वाचतं. माझ्या लेखी पैसे वसूल होतात ते इथे.

यंत्र पडद्यावर माशांची चित्रं काढतं, त्यांच्यावर मात्र विसंबू नका. पाण्यातली फांदी, शेवाळ, बुडबुडे, सगळ्यांना ते यंत्र मासा म्हणतं. ती सोय बंदच ठेवा. पडद्याची उजवी कड म्हणजे आत्ताचं पाणी, बाकी सगळं मागे पडलेलं. थांबलेल्या नावेखाली एखादा कटला स्थिर उभा असला तर लांबलचक आडवी रेघ उमटते. ती रेघ बघून माशाची लांबी ठरवू नये.

आता खरेदी. मोठ्या रंगीत पडद्याचे पैसे वाचवा, चार इंची पुरतो. फक्त उन्हात वाचता येतो का ते दुकानाबाहेर नेऊन बघा. आवाजाचा २०० किलोहर्ट्झचा अरुंद झोत हवाच. झोताचा कोन २० अंश असेल तर १० मीटर खोलीवर साडेतीन मीटर रुंदीचं बूड दिसतं, ३ मीटरवर जेमतेम एक मीटर. उथळ पाण्यात आजूबाजूचं कळावं म्हणून ७७ किंवा ८३ किलोहर्ट्झचा रुंद झोतही असला तर उत्तम. गार्मिनच्या स्ट्रायकर ४ मध्ये ७७ आणि २०० दोन्ही आहेत, शिवाय जीपीएस; सापडलेलं खुंट त्यात खूण करून ठेवता येतं. यूपीएसची १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची बॅटरी अशा लहान यंत्राला दिवसभर पुरते. फ्यूज टाळू नका.

लाकडी नावेला भोक पाडायची गरज नाही. ट्रान्सड्यूसर एका पट्टीला बांधा, ती पट्टी काठाला घट्ट आवळा, तोंड सरळ खाली. नावेच्या आतून लाकडावर चिकटवलात तर काही दिसणार नाही. तो उपाय फक्त भरीव फायबरच्या नावेला.

आणि एकट्यानं घ्यायलाच हवं असंही नाही. एका काठावरच्या चार नावांत एक यंत्र पुरतं. हंगामाच्या आधी एकदा फिरून खुंटं आणि खडक टिपून घ्या, जागा सगळ्यांना सांगा. दोरी नावेत राहू द्या. पहिल्या दिवशी यंत्राची खोली तिच्याशीच ताडून बघायची आहे.